डुगडुगत्या खुर्चीची कुळकथा

जेवण झालं, बडीशेप तोंडात टाकली, की घरातला कर्ता पुरुष खुर्ची मागे रेलून दोन पायांवर तोलतो. पुढचे दोन पाय हवेत, हातात पेपर, नजर छताच्या पंख्याकडे. आतून "खुर्ची मोडेल हां" असा आवाज येतो आणि नेहमीप्रमाणे त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. त्या क्षणी खुर्चीवर काय गुदरतंय हे पाहायचं असेल, तर बैठकीची बाजूची पट्टी मागच्या पायात जिथं शिरते तिथं पाहावं. माणसाचा सगळा भार तरफेनं वाढून त्या दोन सांध्यांवर येतो. सरळ बसणाऱ्यासाठी बेतलेला सांधा झुलणाऱ्यालाही काही वर्षं सोसतो. मग कुरकुरायला लागतो. कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी केली, की पुढे खुर्ची डुगडुगते.

खुर्ची लंगडी असणं वेगळं आणि सैल असणं वेगळं. लंगड्या खुर्चीत दोष एका पायाचा किंवा खालच्या फरशीचा असतो; तिला पुठ्ठ्याची एक घडी पुरते. सैल खुर्चीचे चारही पाय जमिनीला नीट टेकलेले असतात, पण पाठीला धरून जरा ढकललं की सांगाडा कोनातून कलतो आणि परत येतो. घरोघरी दोन्हींवर पहिला इलाज पुठ्ठाच. तो हरला की कोणीतरी हातोडी आणि दोन इंची खिळा शोधून आणतं, आणि जुन्या खुर्चीची वाताहत खऱ्या अर्थानं तिथून सुरू होते. वयोमानानं खुर्ची सैल होते. ती कायमची बाद होते ती बहुधा प्रेमानं, पण घाईनं केलेल्या दुरुस्तीमुळे.

सैलपणाचा सगळा दोष झुलणाऱ्याच्या माथी मारणंही बरोबर नाही. निम्मा वाटा ऋतूंचा आहे. लाकूड झाडातून सुटलं तरी हवेतलं पाणी घेणं-सोडणं थांबवत नाही. मुंबईच्या जुलैत हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत पुरेसे दिवस राहिलेलं लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १७-१८ टक्के पाणी धरून बसतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी हीच आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली जाते आणि लाकडातलं पाणी ५ टक्क्यांकडे उतरू पाहतं. रत्नागिरीला घेतलेलं जेवणाचं टेबल आणि खुर्च्या बदलीबरोबर नागपूरला नेणाऱ्या बँकेच्या साहेबाला हा हिशेब कोणी सांगत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात खुर्च्या बोलू लागतात, तेव्हा ठपका ट्रकवाल्यावर येतो.

लाकडाची आणखी एक खोड अशी, की ते सगळ्या दिशांना सारखं फुगत नाही. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. आडव्या अंगानं मात्र फुगतं आणि आकसतं. साग या बाबतीत गुणी. ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो वर्षवलयांच्या दिशेनं ५ ते ६ टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास. युरोपातल्या बीचसारखं लाकूड वलयांच्या दिशेनं याच्या दुप्पट आकसतं. आता खुर्चीचा सांधा पाहू. पट्टीचं टोक कोरून जी जीभ काढतात ते कुसू, आणि ते ज्यात बसतं ते पायातलं पटाशीनं पाडलेलं चौकोनी भोक. कुसवाच्या रेषा आडव्या, पायाच्या उभ्या. पावसाळ्यात कुसू रुंदीत फुगायला बघतं. पायाचं भोक त्या दिशेनं, म्हणजे स्वतःच्या लांबीत, तसूभरही वाढत नाही. एकाच सांध्यातली दोन लाकडं दर वर्षी एकमेकांना काटकोनात भांडतात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात लाकूडशास्त्र शिकवणारे ब्रूस होडली यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या भांडणाचा शेवट उलगडून दाखवला आहे. फुगायला जागा न मिळालेलं कुसू भोकाच्या भिंतींवर दाबलं जातं आणि त्याचे तंतू चिरडतात. चिरडलेला तंतू हवा कोरडी झाली म्हणून पुन्हा उभारी धरत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कुसू आकसतं ते मूळ मापाहूनही बारीक होतं. हातोडीचा दांडा सैल झाला की ती रात्रभर पाण्यात ठेवायची, हा घरगुती उपाय म्हणूनच फसवा आहे. दांडा फुगतो, घट्ट बसतो, त्याचे तंतू आणखी चिरडतात आणि वाळल्यावर तो पहिल्यापेक्षा जास्त सैल होतो. खुर्ची भर पावसात गॅलरीत ठेवून "बघा, आपोआप घट्ट झाली" म्हणणारेही याच पंथातले.

जुन्या सुतारांना तंतूंचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण सांधा हलणार हे ते गृहीत धरत. म्हणून ते चिकटवण्यावर फारसे विसंबत नसत. कुसू इतकं नेमकं की मोगरीच्या दोन-तीन ठोक्यांनी आत जाईल, आणि वरून आरपार भोक पाडून त्यात लाकडाची किंवा बांबूची खुंटी. गावाकडच्या वाड्यांचे जाडजूड दरवाजे वर्षानुवर्षं तशाच खुंट्यांवर झुलत आले. सरकारी बांधकामाच्या नियमावल्यांतही दाराच्या सांध्यांना खुंट्या मारायची सूचना आढळते. खुर्चीला मात्र एवढी जाडी परवडत नाही. बारीक पाय, अरुंद पट्टी, पाठीला बाक. तिथं चिकटवण्याला पर्याय नव्हता, आणि चिकटवायला होता सरस.

सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडं, कंडरा उकळून काढलेला चिकट अर्क. वाळवला की पिवळट-तपकिरी, काचेसारख्या वड्या किंवा दाणे होतात. गोष्ट फार जुनी. इजिप्तमध्ये रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातल्या भिंतीचित्रांत, सुतारांच्या शेजारी विस्तवावर ठेवलेलं सरसाचं भांडं दाखवलेलं आहे. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय लिहिला. देवळं, मूर्ती, भिंती यांच्यासाठी टिकाऊ लेप कसे करावेत याच्या त्यात कृती आहेत. एकीत कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुलं. दुसरीत गाय, म्हैस, बोकड यांची शिंगं, गाढवाचे केस आणि म्हशीचं कातडं. ती दुसरी कृती वाचली की सुताराच्या दुकानातला वास नाकाशी येतो.

वास हा सरसाचा पहिला अवगुण. दुसरा, त्याचे लाड. वड्या आदल्या रात्री गार पाण्यात भिजवायच्या. सकाळपर्यंत साबुदाण्यासारख्या फुगतात. मग तो डबा पाण्यानं भरलेल्या दुसऱ्या भांड्यात ठेवून मंद आचेवर वितळवायचा. साधारण ६० अंश सेल्सिअसवर तो कामाचा असतो. थेट आचेवर ठेवून खदखदवला तर त्यातल्या प्रथिनांच्या साखळ्या तुटतात आणि ताकद जाते. गार झाला की घट्ट होतो, म्हणजे ब्रश फिरवून कुसू भोकात जाईपर्यंत हातात मोजके क्षण. थंडीच्या दिवसांत कारागीर लाकूडच आधी शेकून घेई. पोऱ्यानं आच राखायची, उस्तादानं सांधे भरायचे, अशी दोन माणसांची ती तालीम होती.

इतकं करून नीट बसलेला सरसाचा सांधा जोर लावून तोडला तर बरेचदा लाकूड फाटतं, सांधा सुटत नाही. मग त्याचं वैर कशाशी? ओलीशी आणि उष्णतेशी. ही त्याची दुखरी बाजू, आणि दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीनं हीच सगळ्यात मोठी देणगी. पन्नास वर्षांचा सांधा गरम पाण्याच्या फडक्यानं, वाफेनं, थोड्या धीरानं पुन्हा मऊ होतो. कुसू अखंड बाहेर येतं. आत उरलेल्या जुन्या सरसावर नवा गरम सरस लावला की दोघे एकजीव होतात. व्हायोलिन बनवणारे आजही वरची फळी मुद्दाम पातळ, जरा अशक्त सरसानं बसवतात, ती एवढ्याचसाठी. कधीतरी ती उघडावी लागणार आणि तेव्हा फळी चिरण्याऐवजी सांधा सुटावा.

ओलीपुढे सरसानं हार खाल्ल्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट मुंबईतल्या एका ओळखीच्या वस्तूशी जोडलेली आहे. इराण्याच्या हॉटेलातली ती वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची, काळपट खुर्ची. तिचा मूळपुरुष मायकेल टोनेट, जन्म १७९६, जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावचा. १८३० च्या दशकात त्यानं लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, साच्यात वाकवून, थरावर थर चिकटवून खुर्च्या केल्या. दिसायला हलक्या, डौलदार. १८४२ मध्ये चॅन्सलर मेटर्निखच्या आमंत्रणानं तो व्हिएन्नाला गेला, राजवाड्यांची कामं मिळाली, माल परदेशी जाऊ लागला. आणि दमट हवेच्या देशांत त्या खुर्च्यांचे थर सुटू लागले.

यावर अधिक चांगला सरस शोधण्याच्या मागे टोनेट लागला असता तर ते समजण्यासारखं होतं. त्यानं सरसालाच वाटेतून बाजूला केलं. बीचच्या अखंड दांड्याला वाफ देऊन, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी बांधून तो वाकवायचा. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकते. पट्टी तो ताण स्वतःवर घेते आणि लाकूड आतून दाबलं जातं. १८५६ साली त्याला अखंड लाकूड वाकवण्याचं पेटंट मिळालं. १८५९ ची १४ क्रमांकाची खुर्ची म्हणजे सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग एक घनमीटरच्या खोक्यात भरले तर ३६ खुर्च्या मावत. १९३० पर्यंत अशा पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. १८६९ मध्ये पेटंटाची मुदत सरली, मग इतर कारखान्यांनीही तोच नमुना उचलला.

धोबीतलावजवळचं क्यानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. तिथल्या आणि शहरातल्या इतर इराण्यांकडच्या खुर्च्या याच कुळातल्या. काही पोलंडहून आल्याचं सांगतात. बनमस्का आणि पानीकम चहा घेणाऱ्या पिढ्या त्यांवर बसून गेल्या. बीच हे सागापेक्षा कितीतरी जास्त हलणारं लाकूड, मुंबईची हवा ही अशी, समुद्र हाकेवर. तरीही त्या टिकल्या. कारण मुख्य सांधा सैल झाला की स्क्रू आवळायचा, बस्स. स्क्रूचं भोक मोठं झालंच तर त्यात काडेपेटीच्या दोन काड्या सरसात बुडवून ठोकायच्या आणि पुन्हा आवळायचं. बैठकीचं वेताचं विणकाम फाटलं की तेवढंच नवं. टोनेटनं मुंबईचा पावसाळा पाहिला नव्हता, पण त्याची खुर्ची इथल्या कितीतरी शिसवी भाईबंदांपेक्षा शहाणी निघाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्तर रोडवर, शिसवीच्या नक्षीदार फर्निचरचा मोठा धंदा चाले. ते देखणं होतं आणि भक्कम वजनाचं होतं. पण त्यातला एक सांधा सैल झाला तर उघडायचा कुठून हे नक्षीत कुठं लिहिलेलं नसे.

मग आला पांढरा डबा. पॉलिव्हिनायल ॲसिटेट हे रसायन जर्मनीत फ्रिट्झ क्लाटेनं १९१२ मध्ये शोधलं होतं. त्याचं पाण्यात कालवलेलं दुधासारखं रूप १९५९ साली मुंबईत पारेख बंधूंनी फेविकॉल या नावानं बाजारात आणलं. बळवंत पारेख भावनगरकडच्या महुव्याचे, १९२५ चा जन्म, कायद्याचं शिक्षण घेतलेले. मुंबईत उमेदवारीच्या काळात एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत त्यांनी शिपायाची नोकरी केली होती असं सांगतात. सुताराच्या दिवसातला किती वेळ सरसाच्या भांड्यापाशी जातो हे त्यांना तिथं दिसलं असणार. त्यांनी माल दुकानदाराच्या आधी सुतारांपर्यंत नेला. भिजवणं नाही, उकळणं नाही, वास नाही, आच राखायला पोऱ्या नाही. डबा उघडा आणि लावा. पुढच्या जाहिरातींनी त्याला घराघरात नेलं, पण त्याच्या कितीतरी आधी मिस्त्रीनं त्याला आपलं म्हटलं होतं.

त्यात वावगं काही नव्हतं. नवीन लाकूड, नेमकं माप, शिकंज्यात रात्रभर आवळलेला सांधा, एवढं असेल तर पांढरा गोंद उत्तम काम देतो. त्याचा स्वभाव अडचणीचा ठरतो तो दुसऱ्या वेळी. वाळलेल्या थरावर नवा थर लावला तर तो जुन्याला नीट धरत नाही. त्याला उघडं लाकूड लागतं, ज्याच्या छिद्रांत शिरून तो पकड घेईल. शिवाय तो फट भरत नाही. कागदाच्या जाडीची फट असेल तर ठीक. त्याहून मोठ्या फटीत तो वाळतो, आकसतो आणि एक लवचीक पडदा तेवढा उरतो. सैल कुसवाच्या कडेनं डब्याच्या तोटीतून फेविकॉल सोडणं, वरून फडक्यानं पुसणं आणि "आता हलवू नका कोणी" अशी तंबी देणं, हा घरगुती विधी म्हणूनच निष्फळ आहे. आत गेलेला गोंद जुन्या गोंदावर, धुळीवर आणि पॉलिशवर बसतो. महिनाभर बरं वाटतं.

लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून फट भरणं हा त्याचाच थोरला भाऊ. दिसतं छान. भुसा मात्र सांध्याचा एक कणही भार पेलत नाही. त्याहून हट्टी अराल्डाइट. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं १९४६ मध्ये आणलेला हा दोन नळ्यांचा प्रकार फट भरतो, कडक होतो आणि लाकडाला असा काही धरतो की पुढच्या वेळी कुसू फुटेल, पण सुटणार नाही. मोडलेला, गहाळ तुकडा जोडायला तो लाख मोलाचा. हलणाऱ्या सांध्यात तो म्हणजे पुढच्या कारागिराच्या तोंडावर दार लावून घेणं.

म्हणूनच जुनी खुर्ची हाती आली की जाणता मिस्त्री आधी ती उलटी करून तिचा पूर्वेतिहास वाचतो. वरून सगळ्याच सारख्या, पॉलिश मारलेल्या. बैठकीच्या खालून मात्र थरावर थर दिसतात. इथं कुणी लोखंडी कोनपट्टी मारली आहे. तिथं खिळ्याची टोपी लांबीनं बुजवली आहे. या कोपऱ्यात पांढऱ्या गोंदाचा वाळलेला ओघळ, त्या कोपऱ्यात तपकिरी, तडकलेला सरस. ओळखायला गरम पाण्याचा एक थेंब पुरतो. सरस असेल तर काही वेळानं चिकट, बुळबुळीत होतो आणि ओळखीचा वास सोडतो. पांढरा गोंद दुधट होऊन रबरासारखा मऊ पडतो. कुठल्या दशकात कोण इथं हात घालून गेलं याचा अंदाज त्यावरून बांधता येतो, आणि पुढची लढाई कोणाशी आहे हेही समजतं. दुरुस्तीतलं निम्म्याहून जास्त काम आधीच्या दुरुस्त्या काढण्याचंच असतं. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, त्यामुळे त्याचे पैसे मागताना मिस्त्री अडखळतो.

सगळ्यात वाईट निघतो तो खिळा. कुसवात आडवा ठोकलेला खिळा दोन लाकडं आवळत नाही. ती एका बिंदूला अडकवतो, आणि मग सांधा त्या खिळ्याभोवतीच फिरत राहतो. लाकूड पावसाळी फुगलं-आकसलं की खिळ्याचं भोक रुंदावतं. खिळा गंजून फुगतो, भोवतीचं लाकूड काळं करतो, आणि बहुतेकदा तो कुसू उभं चिरूनच आत गेलेला असतो. टोपी तुटली असेल तर भोवतीनं बारीक पोकळ नळीच्या करवतीनं लाकडाची गुंडी काढून खिळा सोडवावा लागतो. मग त्या भोकात तशाच लाकडाची डाट. एका मिनिटात ठोकलेल्या खिळ्यासाठी पुढच्या माणसाची अर्धी सकाळ.

खिळे निघाले की खडूनं खुणा. कुठली पट्टी कुठल्या पायात, वरची कड कुठली, आतली बाजू कुठली. हातानं घडवलेल्या खुर्चीत एकाच मापाची दोन कुसवं नसतात. उजवीकडची पट्टी डावीकडे बसत नाही आणि बसवली तर सगळी खुर्ची पिळून उभी राहते. मग सांधे उघडायचे. लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून मोगरीनं हलके टोले. हलत नसेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं आणि वाट पाहणं. सरसासाठी सांध्याच्या फटीत स्पिरिटचे थेंब सोडायचीही रीत आहे. स्पिरिट सरसातलं पाणी ओढून घेतं, सरस ठिसूळ होतो आणि टोल्यासरशी तडकतो. पण जुनं पॉलिश चपड्याचं असेल तर तेच स्पिरिट त्यालाही विरघळवतं, त्यामुळे हात सांभाळावा लागतो. पांढऱ्या गोंदाला ऊन पाणी किंवा कोमट व्हिनेगर. कुठलाही सांधा हट्टानं उपटायचा नाही. आणि जो खरोखर घट्ट आहे तो तसाच सोडायचा.

उघडलेल्या सांध्यातला गोंद खरवडताना नव्या माणसाची पटाशी लाकडात शिरते. कुसवाच्या गालावरून गोंदाबरोबर अर्धा मिलिमीटर लाकूड गेलं, की आधीच बारीक झालेलं कुसू आणखी बारीक. म्हणून धारदार पात्यापेक्षा बोथट पातं, ओलं फडकं, जुना दात घासायचा ब्रश. पॉलिश पेपर तर इथं वर्ज्यच, कारण तो कडा गोल करतो आणि गोल कडेचं कुसू चौकोनी भोकात कधीच घट्ट बसत नाही. सरसाचे अवशेष पूर्ण निघाले नाहीत तरी नवा सरस चालवून घेतो. पांढऱ्या गोंदाचं तसं नाही. तिथं लाकूड दिसेपर्यंत सुटका नाही.

पुढचा भाग कारागिरीचा. चिरडून बारीक झालेलं कुसू पुन्हा भोकाच्या मापाचं करायचं. रंध्यानं त्याच जातीच्या लाकडाचा लांब, पातळ पापुद्रा काढायचा आणि कुसवाच्या एका किंवा दोन्ही गालांवर चिकटवायचा. वाळला की तासून, घासून, भोकात घालून पाहायचं. गोंदाशिवाय, हाताच्या जोरानं आत जावं आणि उचलल्यावर पट्टी आपल्या वजनानं गळून पडू नये, एवढं माप. दुसरा मार्ग पाचरीचा. कुसवाच्या टोकाला करवतीनं चीर द्यायची, चिरेत छोटी पाचर ठेवायची आणि कुसू आत ठोकायचं. भोकाच्या तळाला पाचर टेकली की ती चिरेत शिरते आणि कुसू आतल्या आत फाकतं. मात्र ही शर्यत एकदाच पळता येते. पाचर लांब झाली तर कुसू अर्ध्यावर अडकतं, ना आत जातं ना बाहेर येतं, आणि तो सांधा पुन्हा कधी उघडायचा नाही हेही त्याच क्षणी ठरून जातं. संग्रहालयांतले जतन करणारे लोक म्हणूनच पाचरीपेक्षा पापुद्र्याकडे झुकतात. आपण केलेलं पुढच्याला उलटवता यावं, असा त्यांचा दंडक आहे.

गोंद लावायच्या आधी सगळी खुर्ची एकदा कोरडीच जुळवायची, हे पुस्तकांत पहिल्या पानावर असतं आणि दुकानांत सर्रास गाळलं जातं. गोंद लावून झाल्यावर ध्यानात येतं की शिकंजा पोचत नाही, किंवा दोरी दुसऱ्याच्या हातात आहे. बाकदार पाठीच्या खुर्चीला सरळ शिकंजे धड बसत नाहीत. तिथं सुती दोरीचे दोन वेढे, त्यात काठी अडकवून दिलेला पीळ आणि काठी सुटू नये म्हणून ती पट्टीला टेकवलेली. सोबत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. हे साहित्य फुकट आणि कुठल्याही आयात शिकंज्याच्या तोडीचं. दोरीखाली पुठ्ठा ठेवावा, नाहीतर मऊ लाकडावर वळ उठतात. मग सुतळीनं दोन्ही कर्ण मोजायचे. बैठक पुढे रुंद, मागे अरुंद असली तरी दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. नसतील तर लांब कर्णाच्या बाजूनं हलकं दाबायचं. शेवटी खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात ना ते पाहायचं, कारण वाकडी वाळलेली खुर्ची जन्मभर वाकडी.

बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं टिपावा. राहिला तर त्या जागी पॉलिश धरत नाही आणि पांढुरका डाग उठतो. चोवीस तास कोणी बसायचं नाही. पावसाळ्यात आणखी एक दिवस.

आता प्रश्न असा, की हे करतं कोण? मुंबईत मटन स्ट्रीटवर, चोरबाजारात, किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या गाळ्यांत गेलं तर जुन्या सागवानी खुर्च्यांचे ढीग दिसतात. त्यांना पॉलिश करणारे हात आहेत, रंग खरवडणारे आहेत, वेत विणणारे आहेत. सांधे उघडणारे थोडे. कारण साधं. चकाकी दिसते आणि विकली जाते, सांधा दिसत नाही. नवशिक्या मिस्त्रीचं शिक्षण प्लायवुड, सनमायका आणि बिजागरीवर झालेलं असतं, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण मजुरी तिथं आहे. एका खुर्चीचे आठ-दहा सांधे उघडून, साफ करून, मापाला आणून पुन्हा भरायचे म्हणजे दिवसाचं काम. तेवढ्या पैशांत प्लॅस्टिकच्या कितीतरी खुर्च्या येतात, आणि गिऱ्हाईक ते बोलूनही दाखवतं.

विकत घेणाऱ्यानं मात्र लाजू नये. दुकानात खुर्ची उलटी करावी, बाजूच्या पट्टीला धरून पिळावी, मागच्या सांध्याच्या कडेनं नख फिरवून पाहावं. फटीभोवतीचं पॉलिश तडकलेलं असेल तर तिथं हालचाल आहे. विक्रेता "सागवान आहे साहेब, शंभर वर्षं काही होत नाही" म्हणतो ते लाकडाच्या बाबतीत खरंच असतं.

सहा खुर्च्यांचा संच दुरुस्तीला आला की त्यातली एखादी ठणठणीत निघते. ती बहुधा भिंतीकडची, पाहुणे आले तरच बाहेर ओढली जाणारी. मालकांना वाटतं, आणलीच आहे तर तीही करून टाकावी. मिस्त्री तिला हात लावायला तयार नसतो. ती तशीच टेम्पोत परत चढते. घरी सहाही ओळीनं मांडल्यावर दिसतं की पाचांचं पॉलिश नवं, झळझळीत आणि सहावी जुनीच. मग मिस्त्रीला फोन जातो, की हिलाही तेवढा हात मारून द्या. तो म्हणतो, पॉलिश मारतो, सांधे उघडणार नाही. आणि मग दुसऱ्या फेरीचं टेम्पोचं भाडं कोणी द्यायचं यावर घासाघीस सुरू होते.